विंडोज नवी टाकली. पण 'डी' ड्राइव्ह कुठे गेला?

बेंगळुरूच्या जुन्या पेठभागात, टाऊन हॉलपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, सदर पत्रप्पा रोड आहे. सर्वजण त्याला एस. पी. रोड म्हणतात. पूर्वी यंत्रांचे सुटे भाग आणि हार्डवेअरचे सामान यांसाठी ओळखला जाणारा हा रस्ता पुढे संगणकाच्या सुट्या भागांची बाजारपेठ म्हणून दक्षिण भारतात प्रसिद्ध झाला. त्याच्या शेजारीच नगर्तपेट ही सोन्या-चांदीच्या कारागिरीची पेठ आहे. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागांतून बाहेर पडलेले आणि सोने-चांदी गाळण्याचा व्यवसाय करणारे मराठी गलाई व्यावसायिक देशातील बहुतेक मोठ्या शहरांच्या सराफ पेठांत आढळतात. भट्टी, मूस आणि तराजू यांच्या जोडीला त्यांच्या दुकानांतही आता संगणक आला आहे आणि वर्षानुवर्षांचे हिशेब त्यातच साठलेले असतात.

अशा एखाद्या दुकानाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. विंडोज १० या कार्यप्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. संगणक आधीच मंद झाला होता. तंत्रज्ञाला बोलावून नवी विंडोज टाकून घेतली. संगणक झटपट सुरू झाला, पडदा लखलखीत दिसू लागला. पण हिशेबाची टॅली उघडली तर तिच्यात एकाही कंपनीचे नाव नाही, आणि 'माय कॉम्प्युटर'मध्ये पाहावे तर 'डी' ड्राइव्हच दिसत नाही. तंत्रज्ञ सहजपणे म्हणतो, "ड्राइव्ह फॉरमॅट करून घेऊ, मग दिसेल." त्याचे म्हणणे खोटे नसते. फॉरमॅट केल्यावर ड्राइव्ह खरोखरच दिसू लागतो. तो रिकामा असतो, एवढेच!

नवी कार्यप्रणाली टाकल्यानंतर ड्राइव्ह न दिसणे आणि ड्राइव्हमधील माहिती नष्ट होणे या दोन सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत. बहुसंख्य वेळा माहिती जिथल्या तिथे असते. नव्या विंडोजला तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट माहीत नसते. कायमचे नुकसान घडते ते त्यानंतरच्या घाईत. म्हणून ड्राइव्ह दिसेनासा झाला की पहिली गोष्ट करावयाची ती हीच, की त्या डिस्कवर काहीही लिहू नये. नवे प्रोग्रॅम टाकू नयेत, फाइली उतरवून घेऊ नयेत आणि पडद्यावर येणाऱ्या कोणत्याही प्रश्नाला न वाचता होकार देऊ नये.

हे असे का होते, हे समजण्यासाठी थोडे आत डोकावावे लागेल. संगणकातील हार्ड डिस्क एकच असली तरी तिचे विभाग पाडलेले असतात. त्यांना पार्टिशन म्हणतात. हे विभाग कोठून कोठपर्यंत आहेत याची नोंद डिस्कच्या आरंभी असलेल्या एका छोट्या तक्त्यात असते. प्रत्येक विभागात पुन्हा फाइलींची स्वतंत्र अनुक्रमणिका असते. 'सी', 'डी', 'ई' ही अक्षरे मात्र विंडोजने त्या विभागांना दिलेली नावे असून ती विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीत लिहिलेली असतात. जुनी विंडोज पुसली की ती नोंदवहीही गेली. नवी विंडोज आपल्या क्रमाने नव्याने अक्षरे वाटते. त्यामुळे पूर्वीचा 'डी' आता 'ई' झालेला असतो, 'डी' हे अक्षर सीडी ड्राइव्हला किंवा त्या वेळी जोडलेल्या पेन ड्राइव्हला गेलेले असते, आणि एखाद्या विभागाला अक्षरच मिळालेले नसते. अक्षर नसलेला विभाग नेहमीच्या खिडकीत दिसत नाही.

याचा शोध घेण्याचे साधन विंडोजमध्येच आहे. कीबोर्डवरील विंडोजची कळ आणि 'एक्स' एकत्र दाबल्यावर जी यादी येते, तिच्यात 'डिस्क मॅनेजमेंट' हा पर्याय असतो. तेथे सर्व डिस्का आणि त्यांचे विभाग आडव्या पट्ट्यांच्या रूपाने दिसतात. हरवलेल्या विभागाचा आकार ओळखीचा असेल, त्यावर 'एनटीएफएस' आणि 'हेल्दी' असे लिहिलेले असेल आणि केवळ अक्षर नसेल, तर चिंतेचे कारण नाही. त्या पट्टीवर माउसची उजवी कळ दाबून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स' हा पर्याय निवडावा आणि पूर्वीचेच अक्षर द्यावे. ते अक्षर सीडी ड्राइव्हने अडवले असेल तर आधी त्याला दुसरे अक्षर देऊन हवे ते मोकळे करावे. मात्र ज्या विभागात विंडोज आहे त्याच्या अक्षराला हात लावू नये.

पूर्वीचेच अक्षर देण्याचा आग्रह धरण्यास कारण आहे. टॅली हे सॉफ्टवेअर बेंगळुरूचेच. १९८६ मध्ये श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे पुत्र भरत गोयंका यांनी ज्या व्यवसायाचा पाया घातला, त्यातून ते घडले आणि देशातील लहान व्यापाऱ्यांच्या गल्ल्याशेजारी जाऊन बसले. टॅलीला हिशेबाची माहिती कोठे आहे, हे ड्राइव्हचे अक्षर आणि फोल्डरचे नाव यांवरून सांगितलेले असते. अक्षर बदलले की पत्ता चुकतो आणि कंपन्यांची यादी कोरी दिसते. हिशेब पुसले गेले असे समजून व्यापारी हवालदिल होतो. प्रत्यक्षात १०००० किंवा १०००१ यांसारख्या आकड्यांच्या नावांचे फोल्डर त्या ड्राइव्हवर सुखरूप असतात. अक्षर पूर्ववत करावे किंवा टॅलीला नवा पत्ता द्यावा, म्हणजे कंपनी पुन्हा दिसू लागते.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे भाग आहे. "आमची सगळी माहिती 'डी'मध्ये आहे, 'सी' खुशाल पुसा," असे तंत्रज्ञाला सांगणाऱ्या अनेकांची माहिती वास्तविक 'सी'मध्येच असते. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डर मुळात 'सी' ड्राइव्हवर असतात. टॅलीप्राइम ही आवृत्तीही, वेगळे काही न सांगितल्यास, 'सी' ड्राइव्हवरील 'यूजर्स'मधील 'पब्लिक' या फोल्डरात हिशेब ठेवते. तंत्रज्ञाने 'सी' फॉरमॅट न करता त्यावरच नवी विंडोज टाकली असेल, तर हे जुने फोल्डर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरात हलवलेले सापडतात. ते प्रथम बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावेत. 'डिस्क क्लीनअप' चालवून जागा मोकळी करण्याची हौस येथे महागात पडते, कारण ते साधन नेमका हाच फोल्डर पुसण्याची सूचना करते. आणि कार्यप्रणालीची बढती करून घेतली असेल तर दहा दिवसांनी विंडोज तो आपण होऊन काढून टाकते.

कधी ड्राइव्ह दिसतो, फोल्डरही दिसतात. पण उघडू जाता 'ॲक्सेस डिनाइड' असे उत्तर मिळते. हा प्रकार मालकीहक्काचा आहे. एनटीएफएस पद्धतीत प्रत्येक फोल्डराचा मालक नोंदलेला असतो आणि तो नावाने नव्हे, तर विंडोजने दिलेल्या एका दीर्घ ओळखक्रमांकाने. नव्या विंडोजमध्ये वापरकर्त्याचे नाव तेच ठेवले तरी क्रमांक नवा मिळतो. बँकेच्या लॉकरची किल्ली तीच, पण नोंदवहीतील सही जुळत नाही, असाच हा प्रसंग. बहुधा पडद्यावरील 'कंटिन्यू' या बटनाने काम भागते. न भागल्यास फोल्डराच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'सिक्युरिटी' आणि त्यात 'ॲडव्हान्स्ड' येथे जाऊन मालक म्हणून आपले नाव घालावे. हे केवळ आपल्या माहितीच्या फोल्डरांपुरते करावे. विंडोजच्या फोल्डरांची मालकी बदलल्यास नवेच दुखणे उभे राहते.

याहून गंभीर आणि अलीकडे वाढत चाललेला प्रकार कुलूपबंद ड्राइव्हचा आहे. विंडोजमध्ये २००७ पासून बिटलॉकर नावाची सोय आहे. तिच्यामुळे संपूर्ण ड्राइव्हवरील माहिती सांकेतिक रूपात साठवली जाते. संगणक चोरीला गेला तरी चोराच्या हाती अर्थहीन अक्षरेच लागावीत, हा हेतू. बँकेच्या व्यवहारांची कागदपत्रे संगणकात ठेवणाऱ्यांच्या दृष्टीने ही सोय हितकारकच आहे. मात्र ती आपल्या संगणकात सुरू आहे, हे अनेकांना ठाऊकच नसते. विंडोज बसवूनच विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की ती पुष्कळदा आपोआप सुरू होते. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११च्या '२४ एच २' या आवृत्तीने तर त्यासाठीच्या अटी आणखी सैल केल्या. जोवर जुनी विंडोज असते तोवर ती 'डी' ड्राइव्ह आपोआप उघडून देते आणि वापरणाऱ्याला कुलपाचा पत्ताही लागत नाही. नवी विंडोज टाकताच 'डी'वर कुलपाचे चिन्ह दिसते आणि ४८ अंकी 'रिकव्हरी की' मागितली जाते.

हे अंक मिळाले तर माहिती जशीच्या तशी परत मिळते. न मिळाले तर जगातील कोणताही तंत्रज्ञ ती मिळवून देऊ शकत नाही, आणि "काहीतरी करून देतो" असे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. अंक सापडण्याची ठिकाणे ठरलेली आहेत. जुन्या विंडोजमध्ये ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला होता, त्या खात्यात संकेतस्थळावरून शिरल्यास नोंदवलेल्या उपकरणांसोबत ही किल्ली पाहता येते. कार्यालयाचा संगणक असेल तर ती कार्यालयाच्या संगणक विभागाकडे असते. काही जणांनी ती छापून किंवा पेन ड्राइव्हवर ठेवलेली असते. कुलपाच्या पडद्यावर किल्लीचा ओळखक्रमांकही दाखवला जातो. खात्यात अनेक किल्ल्या असतील तर त्यावरून नेमकी कोणती, ते जुळवून पाहावे.

एक बारीक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. विंडोज टाकताना मायक्रोसॉफ्टचे खाते मागितले जाते. ग्राहक जवळ नसतो, म्हणून काही तंत्रज्ञ स्वतःचेच खाते घालून काम उरकतात. अशा वेळी ड्राइव्ह कुलूपबंद झाल्यास त्याची किल्ली तंत्रज्ञाच्या खात्यात जाऊन बसते. पुढील वर्षी पुन्हा अडचण आली आणि तो तंत्रज्ञ सापडला नाही, तर दुकानाच्या हिशेबाची किल्ली कोणाकडे मागणार? घराच्या कुलपाची किल्ली रंगाऱ्याकडे राहू देणारा माणूस विरळा. संगणकाच्या बाबतीत मात्र हे सर्रास घडते. विंडोज टाकून झाल्यावर 'सेटिंग्ज'मधील 'अकाउंट्स'मध्ये कोणाचे नाव आणि ई-मेल आहे, हे ग्राहकाने स्वतः पाहावे.

जुन्या विंडोजमध्ये एखाद्या फोल्डरालाच 'एन्क्रिप्ट' असे बंधन घातलेले असेल तर प्रकरण अधिक कठीण. त्या फाइलींची किल्ली जुन्या वापरकर्त्याच्या प्रमाणपत्रात असते. ते प्रमाणपत्र आधी वेगळे काढून ठेवले नसेल आणि 'सी' फॉरमॅट झाला असेल, तर फाइल समोर दिसत राहते. पण ती उघडत नाही.

आता त्या कुप्रसिद्ध प्रश्नाकडे वळू. ड्राइव्हवर क्लिक करताच "हा ड्राइव्ह वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावा लागेल, करायचा का?" अशा अर्थाची इंग्रजी चौकट उमटते. 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये तोच विभाग 'रॉ' असा दाखवलेला असतो. विंडोजला त्या विभागाची अनुक्रमणिका वाचता येत नाही, एवढाच याचा अर्थ. ती बिघडलेली असेल. किंवा तो विभाग लिनक्सचा असेल आणि विंडोजला ती लिपीच येत नसेल. संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. या चौकटीला उत्तर एकच, 'कॅन्सल'. त्याचप्रमाणे संपूर्ण डिस्कच 'नॉट इनिशिअलाइज्ड' अशी दिसली, तर ती 'इनिशिअलाइज' करण्याचा प्रस्ताव स्वीकारू नये. त्याने विभागांचा तक्ता नव्याने लिहिला जातो.

चुकून होकार दिला गेलाच, तर पुढे काय? जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर 'क्विक फॉरमॅट' झाले असेल तर अनुक्रमणिका कोरी होते, पाने शिल्लक असतात. त्यांवर नवे लेखन होण्यापूर्वी बरीचशी माहिती परत मिळू शकते. पूर्ण फॉरमॅटचा प्रकार वेगळा. विंडोज व्हिस्टापासून पुढे तो सर्व पानांवर शून्ये लिहितो. आणि हल्लीच्या एसएसडीमध्ये तर साधे क्विक फॉरमॅटही घातक ठरते, कारण विंडोज 'ट्रिम' या आज्ञेने मोकळी झालेली जागा डिस्कला कळवते आणि डिस्क ती आतून साफ करून टाकते. वेग वाढवण्यासाठी एसएसडी बसवणाऱ्यांना या गोष्टीची क्वचितच कल्पना दिली जाते. ती न देणे योग्य नव्हे.

विभागांचा तक्ताच पुसला गेला असेल, म्हणजे पट्टी काळी होऊन तिच्यावर 'अनअलोकेटेड' असे लिहिलेले असेल, तर 'टेस्टडिस्क' नावाचे विनामूल्य आणि मुक्त सॉफ्टवेअर उपयोगी पडते. फ्रान्समधील ख्रिस्तोफ ग्रेनिए यांनी ते लिहिले आहे. ते डिस्क चाळून जुन्या विभागांच्या सीमारेषा शोधते आणि तक्ता पुन्हा लिहून देते. त्याचा पडदा अगदीच साधा, निव्वळ अक्षरांचा आहे. पण कित्येक आकर्षक आणि सशुल्क सॉफ्टवेअरांहून ते भरवशाचे आहे. मात्र त्याचा वापर जाणकाराकडूनच करवून घ्यावा, आणि त्याआधी संपूर्ण डिस्कची सेक्टरबरहुकूम प्रत दुसऱ्या डिस्कवर घेण्यास सांगावे. वाचवलेल्या फाइली त्याच डिस्कवर उतरवू नयेत. डिस्क टकटक आवाज करीत असेल किंवा क्षणात दिसून क्षणात नाहीशी होत असेल, तर तो दोष यंत्राचा आहे. अशा वेळी सॉफ्टवेअरचे सर्व प्रयोग थांबवून संगणक बंद करावा. चालू ठेवलेला प्रत्येक मिनिट तबकडीवरील माहिती खरवडत असतो.

काही वेळा अडचण याच्याही आधी, विंडोज टाकण्याच्या वेळीच उद्भवते. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरच्या अनेक लॅपटॉपमध्ये विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून सुरुवात केली असता एकही ड्राइव्ह दिसत नाही. डिस्क नादुरुस्त झाली असा निष्कर्ष काढून नवी विकत घेतल्याचीही उदाहरणे घडतात. वस्तुतः त्या लॅपटॉपमध्ये डिस्क आणि प्रोसेसर यांच्यामध्ये 'व्हीएमडी' नावाचा एक मध्यस्थ असतो आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या मूळ संचात नसतो. लॅपटॉपच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून तो ड्रायव्हर घेऊन पेन ड्राइव्हवर ठेवावा आणि 'लोड ड्रायव्हर' या पर्यायाने दाखवावा. डिस्क लगेच प्रकट होते.

कार्यप्रणाली आणि डिस्क यांचे वय न जुळण्याचा हा प्रश्न नवा नाही. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली तेव्हा ती डिस्कचे पत्ते २८ बिटांत मोजत असे. त्यात २६ कोटी ८४ लाख ३५ हजार ४५६ सेक्टर बसतात; प्रत्येक ५१२ बाइटचा धरल्यास सुमारे १३७ जीबी. पुढे १६० जीबीच्या डिस्का स्वस्त झाल्या. २००२ च्या 'सर्व्हिस पॅक १'ने ही मर्यादा ओलांडली. परंतु पुन्हा विंडोज टाकताना अनेकांच्या हाती मूळ २००१ चीच सीडी असे. मग १६० जीबीची डिस्क अचानक लहान दिसू लागे आणि पलीकडील भागातील माहिती बिघडण्याचा धोका उभा राही. नवी विंडोज टाकताना ती नेहमी अद्ययावत संचातून टाकावी, हा धडा तेव्हाचाच.

माहिती खरोखरच गेली, तर सर्वच काही बुडते असे नाही. खातेउतारे बँकेकडून पुन्हा मिळतात. बँका आपली माहिती मुख्य केंद्राखेरीज दूरच्या दुसऱ्या शहरातील केंद्रातही ठेवतात, त्यामुळे ग्राहकाच्या संगणकाचे काहीही झाले तरी खात्यातील नोंद अबाधित असते. प्राप्तिकर विवरणपत्रे विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. या विवरणपत्रांची छाननी करणारे केंद्रही बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतच असून, महाराष्ट्रातील असंख्य करदात्यांनी तेथील पत्त्यावर आयटीआर-व्हीचे लिफाफे पाठवलेले आहेत. डिजिटल स्वाक्षरी यूएसबी टोकनमध्ये असेल तर ती सुरक्षित असते. तिचा ड्रायव्हर तेवढा पुन्हा टाकावा लागतो. परंतु गलाई दुकानातील रोजची बिले, कोणाकडून किती माल आला आणि त्यातून किती शुद्ध सोने निघाले याच्या नोंदी, यांची दुसरी प्रत कोणत्याही सरकारी संकेतस्थळावर नसते. जीएसटी कायद्यानुसार मात्र हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. घरच्या छायाचित्रांना तर कोणीच दुसरी प्रत देणार नाही.

म्हणून तंत्रज्ञ येण्याच्या आदल्या संध्याकाळी अर्धा तास काढावा. टॅलीच्या हिशेबाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यावा आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून बॅकअप उघडतो की नाही, हे पाहावे. बॅकअप घेतला होता, पण तो उघडलाच नाही, अशी तक्रार नंतर करून उपयोग नसतो. टॅलीचा परवाना आधी 'सरेंडर' करावा. 'डिस्क मॅनेजमेंट'चा पडदा मोबाइलमध्ये टिपून ठेवावा. कोणता विभाग किती जीबीचा आणि कोणत्या अक्षराचा होता, हे नंतर त्यावरून कळते. 'सेटिंग्ज'मध्ये ड्राइव्ह कुलूपबंद आहे का ते तपासून, असल्यास ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवावी आणि तो कागद त्या संगणकापासून दूर ठेवावा. संगणकात दोन स्वतंत्र डिस्का असतील, तर माहितीच्या डिस्कची केबल काम सुरू होण्यापूर्वी काढून ठेवण्यास सांगावे. नवी विंडोज पूर्ण टाकून झाली, संगणक दोनदा बंद करून सुरू केला आणि तो व्यवस्थित चालला, की मगच ती केबल पुन्हा जोडावी.